मागे न फिरणारा हमाल

आमच्या घरात दोन सुना. थोरली उज्ज्वला, धाकटी मी, रेणुका. लोक मला तोंडाळ म्हणतात आणि तिला खुळी. माझ्याबाबतीत लोकांचं बरोबर आहे. तिच्याबाबतीत ते साफ चुकले, आणि कसे चुकले तेच मला सांगायचं आहे.

कागदावर उतरवायचं कारणही आधी सांगून टाकते. ज्या मशीनवर माझ्या जावेनं नाव काढलं ते मशीन लाइट गेली की सगळं विसरतं. पहिला नंबर कुणाचा, गुण किती, सगळं पुसून मोकळं. आणि आमच्याकडे लाइट जाते. म्हणजे तिचा पराक्रम उरणार तो फक्त माणसांच्या तोंडी, आणि माणसांच्या तोंडाचा मला भरवसा नाही. माझ्या तर नाहीच नाही.

आमची टपरी कार्ल्याच्या फाट्यावर, हायवेला लागून. कांदाभजी, वडापाव, चहा, पावसाळ्यात भाजलेलं कणीस. लेण्यांना नि एकवीरेला जाणारी माणसं चढायच्या आधी पाणी घेतात आणि उतरून आली की भज्यांवर तुटून पडतात. टपरीच्या मागे आमची भाताची खाचरं. लावणीच्या दिवसांत एक जाऊ कढईशी, एक चिखलात, आणि दुपारी अदलाबदल. टपरीच्या आतल्या कोपऱ्यात, तेल उडणार नाही इतपत लांब, एक उभं लाकडी कपाट आहे. वरच्या अंगाला काच, काचेआड टीव्ही, खाली एक दांडा आणि दोन बटणं. नाणं टाकायचं आणि खेळायचं. लोणावळ्याला पाहुण्यांच्या पोरांसाठी व्हिडिओ गेमचं एक पार्लर होतं. ते बंद पडलं तेव्हा माझे थोरले दीर, संदेशदादा, हे मशीन टेम्पोत आडवं घालून घेऊन आले. त्यांची कोमल तेव्हा रांगत होती. आज ती नवलाख उंबऱ्याच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर काम करते. इतकं हे मशीन जुनं.

दादांचा विचार साधा होता. भजी तळून होईस्तोवर गिऱ्हाइकाच्या पोरांना विरंगुळा, म्हणजे गिऱ्हाईक बसून राहील. मशीन आलं ते नेमकं खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडे कोयता, विळा, नांगर, मोटरसायकल, भज्यांचा झारा, ज्यावर पोट चालतं त्या सगळ्याची पूजा होते. मशीन टेम्पोतून उतरलं, आणि कुणी वायर लावायच्या आत आमच्या सासूबाई, कस्तुराबाई, ताट घेऊन हजर. सासूबाईंचा हात मोठा सढळ. हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि ओल्या कुंकवात कालवलेल्या अक्षता मूठभर घेऊन दांड्यावरच सोडल्या. मग दादांनी मशीन चालू केलं. ही पूजा जरा लक्षात असू द्या.

मशीनवरचं नावाचं स्टिकर कधीच निघून गेलेलं, त्यामुळे गेमचं खरं नाव आम्हाला ठाऊक नाही. आम्ही त्याला 'गड' म्हणतो. त्यात पाठीवर गाठोडं घेतलेला एक बुटका माणूस आहे, तो 'हमाल'. त्यानं उड्या मारत, चढत, चढत गडाच्या दाराशी पोचायचं. वरून धोंडे येतात, वटवाघळं येतात, पायाखालची फळी मोडते. कुठंही जरा लागलं की मेला. एका नाण्याला एकच जीव, आणि तो गेला की पुन्हा पहिल्यापासून. मधूनच सुरू करायची सोय नाही. पहिल्या चढाला गावानं नाव दिलं 'पायऱ्या', पाण्याचा तो 'खाचर', अंधाराचा तो 'बोगदा', धोंड्यांचा तो 'घाट'. त्याच्या पुढं गड, आणि गडाला लाल रंगाचं दार. बहुतेक माणसं पायऱ्यांवरच मरतात. मी त्यांच्यातलीच.

आणि एक नियम होता. हमाल मागे फिरत नाही. दांडा उजवीकडे दाबा, चालतो. वर दाबा, चढतो. डावीकडे दाबा, ढिम्म. फाट्यावरच्या पोरासोरांना हे ठाऊक होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. समोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ लावणारे रखमाजी आबा तर लग्न ठरवून आता का-कू करणाऱ्या एका पोराला म्हणाले होते, "आता हमाल झालास बाबा, मागं न्हाई फिरायचं." शहरातून आलेली पोरं मात्र हरली की म्हणायची, "दांडा खराब आहे, डावीकडे जात नाही." आम्ही सगळे हसायचो. हरलं की दांडा खराब, भजी आवडली नाहीत की तेल खराब, शहरातल्या माणसांचं सगळं असंच, असं मी स्वतः कितीदा म्हणालेय. टीव्ही दुरुस्त करणारा कपाटाची मागची फळी उघडून टीव्हीची नळी बघून जायचा, पण चालत्या दांड्याला कशाला कोण हात लावतंय?

माझ्या जावेला सुरुवातीला ते कपाट नकोच होतं. त्यामागे झाडता येत नाही, अशी तिची तक्रार. मग एका पावसाळ्यात, घाटात दरड आली म्हणून गाड्या बंद होत्या आणि टपरीत आम्ही दोघीच होतो, तेव्हा तिनं सहज एक नाणं टाकलं. पहिल्याच धोंड्याखाली हमाल गेला. तिनं दुसरं टाकलं. पुन्हा तिथंच गेला. मी म्हटलं, "ताई, ठेवा आता." ती काचेला नाक लावून म्हणाली, "थांब. ह्यो धोंडा मगाशी बी हितंच पडलाता."

त्या दिवशी तिला काय सापडलं ते मला कळायला वर्षं गेली. मी एकदा चिडून विचारलं, की त्या डबड्यात एवढं आहे तरी काय, तेव्हा ती कांदा चिरता चिरता म्हणाली, "रेणे, पाऊस कवा यील त्ये सांगता येत न्हाई. गिऱ्हाईक कवा यील त्ये न्हाई. तुज्या दादाचं डोकं कवा फिरंल त्ये बी न्हाई. ह्यो धोंडा मातर जितं पडायचा तितंच पडतो. मी मेले, तर चूक माजी. धोंड्याची न्हाई. आसं दुसरं काय हाय सांग मला ह्या जगात?"

मी उरलेला कांदा माझ्याकडे ओढला आणि चिरायला बसले. 

ती रोज खेळायची असं नाही. कामं उरकून, गिऱ्हाईक नसताना, एखादा डाव. पण डोक्यात सारखं चालू. कढईपाशी उभी असायची आणि डावा हात ओट्यावर हळूहळू हलत असायचा. गेममधला घाट तिला लय दिवस चढता येत नव्हता. मग भात झोडायच्या दिवसांत एकदा पेंढी फळीवर आपटता आपटता ती मधेच थांबली. पेंढी उचलायची, आपटायची, झटकायची, आणि मग जरा दम. "ह्योच ताल हाय," म्हणाली आणि पेंढी तशीच टाकून टपरीकडे सुटली. सासूबाई ओरडत राहिल्या. त्या दिवशी हमाल घाट चढून गेला.

टपरीत खेळणाऱ्यांची एक रीत आहे. ज्याला पुढचा डाव हवा त्यानं आपलं नाणं काचेच्या खालच्या कडेवर ठेवायचं आणि गप उभं राहायचं. आधी तिथं फक्त पोरांची नाणी असायची. माझ्या जावेचं नाणं पहिल्यांदा दिसलं तेव्हा पोरं हसली. नंतर तिचं नाणं दिसलं की पोरं आपली नाणी उचलून घ्यायची, कारण तिचा डाव बघणं स्वतः मरण्यापेक्षा बरं.

गडाच्या दाराशी गावातून दोघंच पोचले. रखमाजी आबा एकदा, आणि ती किती वेळा ते तिलाही ठाऊक नाही. ती पहिल्यांदा पोचली तेव्हा दादांनी सगळ्या फाट्याला पेढे वाटले. पण दारापुढं हमाल उभा राहतो आणि काहीच होत नाही. 'टिंग' अशी घंटी वाजते, वेळेची पट्टी संपते, वरून धोंडा येतो, खेळ खलास. गावानं ठरवून टाकलं की दाराशी पोचलं म्हणजे जिंकलं, पुढे काही नाही. दार म्हणजे नुसतं चित्र. माणसानं आशेनं आणखी नाणी टाकावीत म्हणून कंपनीनं केलेली लबाडी.

एकटी ती ऐकेना. "दार हाय म्हंजी उगडत आसणार," म्हणायची. "उगाच कोन दार रंगवील?"

तिनं दाराशी उडी मारून पाहिली, बसून पाहिलं, दोन्ही बटणं एकदम दाबून पाहिली. दर वेळी टिंग, दर वेळी धोंडा. अशी वर्षं गेली, कोमल शाळेतून कामाला लागली, पोरांच्या हातात मोबाइल आले. कोमलनं तिला मोबाइलवर तसलाच एक चढायचा गेम लावून दिला. त्यात मेलं की जाहिरात बघायची आणि तिथूनच पुढं. तिनं थोडा वेळ खेळून मोबाइल परत दिला. "ह्यात मरताच येत न्हाई. मग जगायचं तरी कशाला?" गंमत म्हणजे मोबाइल खिशात असलेली पोरंही काचेच्या कडेवर नाणी ठेवत होतीच. तिला मात्र लोक खुळी म्हणत होते, ते दारासाठी.

या वर्षी गणपती झाले आणि थंड पेयांच्या एजन्सीचा माणूस आला. काचेचा उंच फ्रीज देतो म्हणाला, तुम्ही फक्त जागा द्या. टपरीत जागा एकच, मशीनची. संदेशदादा काही वाईट माणूस नाहीत. उन्हाळ्यात गिऱ्हाईक थंड मागतं आणि आम्ही माठ दाखवतो, हे मलाही पटत होतं. पण जावेनं ऐकलं आणि झारा ठेवला. त्या दोघांचं झालेलं बोलणं मी शब्दन् शब्द ऐकलं, कारण टपरी केवढीशी.

"मशीन भंगारात दिऊ," दादा म्हणाले. "त्येचं आता काय ऱ्हायलंय? तू जिकलीस की कवाच."

"दार उगडलं न्हाई आजून."

"आगं, त्ये चित्र हाय!"

"चित्र न्हाई."

"बरं," दादा म्हणाले, आणि मला वाटतं ते चेष्टेत म्हणाले, "उगडून दाव. दार उगडलं तर मशीन ऱ्हाईल, फ्रीज बाहीर पत्र्याखाली. न्हाई उगडलं, तर दसऱ्याला फ्रीज येतोय."

"तुमचा शबुद?"

"शबुद."

नवरात्र बसलं. सवड मिळेल तेव्हा ती दांड्याशी. दोनदा तर माझ्या देखत दाराशी पोचली. टिंग, धोंडा, खलास. दुसऱ्यांदा ती तिथंच पाटावर बसली, हात मांडीवर टाकून. मी म्हटलं, "ताई, जाऊ द्या ना. मशीन गेलं तर गेलं, एवढं काय त्यात?"

"मशीन जाऊ दे गं," ती म्हणाली. "पर त्ये दार खोटं निगालं, तर मी इतकी वर्सं कुनाच्या इमानावर खेळले?"

मला तिची फार दया आली. आणि खरं सांगते, दार खोटंच आहे याची मला खात्री होती.

मग तो पुण्याचा माणूस आला. टक्कल पडलेला, अंगानं भरलेला, बरोबर मोबाइलमध्ये डोकं घातलेली दोन पोरं. भज्यांची ऑर्डर दिली आणि कोपऱ्यात नजर जाताच त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं ओळखीचं कोणी भेटलं. नाणं टाकलं, खेळायला लागला आणि लगेच म्हणाला, "अहो, दांडा खराब आहे. मागे जात नाही."

माझं ठरलेलं उत्तर तयार होतं. "तो मागे जातच नाही साहेब. गेमच तसा आहे."

"छे! मी शाळेत असताना सुट्टीभर हाच खेळायचो. मागे जातो की. नाही गेला तर दार कसं उघडेल? किल्ली मागेच पडते ना."

कढईत भजी करपली. माझी जाऊ झारा हातात घेऊनच कोपऱ्यात आली. "काय म्हनला सायेब? किल्ली?"

त्यानं सांगितलं. गडाच्या शेवटच्या पायरीवर पाय पडला की मागे, जिथून चढून आलो तिथं, छतातून किल्ली खाली पडते. पडदा पुढं सरकलेला असतो म्हणून ती दिसत नाही. पण आवाज येतो.

"टिंग," माझी जाऊ म्हणाली.

"अगदी बरोबर! टिंग!"

"मला वाटायचं येळ संपल्याची घंटी हाय." तिच्या हातातला झारा खाली आला. मग तो माणूस तिच्याकडे नीट बघायला लागला. "म्हणजे तुम्ही दारापर्यंत जाता? मागे न येता? पण घाटातल्या त्या मोठ्या धोंड्याला चुकवायला मागे यावंच लागतं."

"न्हाई लागत," ती म्हणाली, आणि झारा माझ्या हातात देऊन नाणं टाकलं.

तो माणूस तिच्या मागे उभा राहिला. घाट आला तेव्हा त्यानं श्वास धरला, आणि मोठा धोंडा हमालाच्या टाचेमागं आपटला तेव्हा लहान पोरासारखी टाळी वाजवली. त्याच्या पोरांनी मोबाइल खाली केले. दार आलं, टिंग झालं, आणि आम्ही सगळ्यांनी ते पहिल्यांदाच नीट ऐकलं. धोंडा पडल्यावर तो माणूस म्हणाला, "मी असं कधी बघितलं नाही. असं होऊ शकतं हेच मला माहीत नव्हतं." भजी तिथंच विसरून गेला. मी पळत जाऊन गाडीत दिली आणि येताना मान इतकी ताठ होती की पायात दगड आला तरी दिसला नसता. माझी जाऊ आहे ती, माझी.

संध्याकाळी कोमल कामावरून आली तशी तिला बॅग ठेवू न देता आम्ही स्क्रू ड्रायव्हर दिला. तिनं दांड्याखालची फळी सोडवून उलटी केली. दांड्याच्या चार बाजूंना पितळी पट्ट्यांच्या चार जोड्या. दांडा ज्या बाजूला जाईल तिथल्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि हमाल हलतो, असं तिनं समजावलं. डाव्या जोडीच्या मधोमध काहीतरी लाल अडकून बसलं होतं. कोमलनं सेफ्टी पिनेनं ते उकरलं आणि आईच्या तळहातावर ठेवलं.

तांदळाचा दाणा. कुंकवानं माखलेला, अख्खा.

 सगळ्यांच्या माना सासूबाईंकडे वळल्या. सासूबाई पुढं आल्या, डोळे बारीक करून दाणा बघितला आणि म्हणाल्या, "माज्याच हातची अक्षत. पैल्या पुजंची आसंल." मग जरा थांबून, "किडला बी न्हाई बगा. आपल्या खाचरातला इंद्रायणी हाय."

हसून हसून दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पोट धरून खाली बसले. साऱ्या गावानं देवाचा नियम म्हणून जो मानला, तो आमच्या सासूबाईंचा तांदूळ! फक्त माझी जाऊ हसली नाही. मला धास्ती वाटली, की आता ही एवढ्या वर्षांचा हिशेब मागणार. ती दाण्याकडे बघत म्हणाली, "म्हंजी गेम खरा व्हता." आणि मग तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू.

पण दार अजून उघडायचं होतं. दुसऱ्या दिवशी फाट्यावरची सगळी माणसं टपरीत. ती दाराशी पोचली, टिंग झालं, सगळे ओरडले, "मागं! मागं!" आणि तिचा हात डावीकडे जाईना. दांडा ठीक होता, हातच जाईना. हमाल तसाच उभा, आणि धोंडा आला. पुन्हा खेळली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर मागे जायचं मनात घोळवता घोळवता ती घाटातच मेली. मग खाचरात. शेवटी पायऱ्यांवर, माझ्यासारखी. माणसं एकेक करून पांगली.

दादांना राहवलं नाही. "ऱ्हाऊ दे गं. दार खरं हाय ह्ये कळलं की सगळ्यास्नी. मशीन ऱ्हाईल, जा."

"न्हाई," ती म्हणाली. "तुमी म्हनलावता उगडून दाव. दया नगं." मग माझ्याकडे वळून हळूच, "रेणे, हाताला म्हाईतच न्हाई गं मागं जायाचं. पायाला न्हाई, हाताला न्हाई."

आणि इथं मी बोलले. माझं तोंड आयुष्यात एकदा कामाला आलं ते इथं. म्हटलं, "काय सांगता ताई? आणि लावणीला काय पुढं तोंड करून चालता? सगळा जन्म खाचरात मागं मागंच सरकलात की. रोप खोवायचं, मागं. रोप खोवायचं, मागं. माझ्याहून दोन हात पुढं असता, म्हणजे मागं!"

 ती तशीच टपरीतून उतरून खाचराकडे गेली. भात तेव्हा लोंब्यांनी वाकलेलं. बांधावर ती एकटीच वाकून मागं मागं सरकत होती, आणि डावा हात हलत होता. रस्त्यावरच्या एका गाडीवाल्यानं मला विचारलं, त्या बाईंना बरं नाही का. मी म्हटलं, तुमच्याहून बरं आहे.

खंडेनवमी उजाडली. कोयता, विळा, मोटरसायकल, झारा, सगळं मांडलं, आणि सासूबाई अक्षता घेऊन मशीनकडे निघाल्या. "दांड्यावर नगं!" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो. "कळतंय मला," म्हणत त्यांनी मूठभर अक्षता कपाटाच्या डोक्यावर टाकल्या. मग माझ्या जावेनं पदर खोचला आणि नाणं टाकलं.

पायऱ्या, खाचर, बोगदा. घाटात ती पूर्वीसारखीच गेली, उचल, आपट, झटक, दम. डावीकडे तिनं दांडा नेलाच नाही, तिला त्याची गरजच नव्हती. गड आला. शेवटची पायरी. टिंग.

या वेळी कुणी ओरडलं नाही. तिनं कंबरेतून किंचित वाक घेतला, लावणीला घेतात तसा, आणि हमाल मागे फिरला.

इतक्या वर्षांत त्याचा डावा गाल आम्ही पहिल्यांदा पाहिला. रखमाजी आबांनी चक्क हात जोडले. तो एकेक पाऊल मागे आला, मधेच थांबत, पुन्हा येत, आणि पायरीखाली पिवळी किल्ली चमकत होती. ती उचलून तो वळला, वेळेची पट्टी संपत आलेली, दाराला टेकला. आणि दार उघडलं.

त्या ओरड्यानं हायवेवरची एक एसटी थांबली, हे मी वाढवून सांगत नाही. दादांनी बायकोला सगळ्यांसमोर कवटाळलं, जे आमच्याकडे कुणी करत नाही. सासूबाईंनी दृष्ट काढली, आधी तिची, मग मशीनची. मी रडत होते आणि भजी तळत होते.

एवढ्यात कोणीतरी म्हणालं, "आरं, बगा की." पडद्यावर पुन्हा पायऱ्या आल्या होत्या. हमाल पुन्हा खाली, गाठोडं पुन्हा पाठीवर.

"येवडंच?" दादांचा चेहरा पडला. "ह्ये तर परत पैल्यापास्नं."

माझ्या जावेनं दांडा सोडलेलाच नव्हता. "पैल्यापास्नं न्हाई," ती म्हणाली. "धोंडे बगा. आता येगळ्या तालात पडत्यात." आणि तिच्या आवाजात असा आनंद होता, जसं कोणी तिला आणखी एक आयुष्य देऊ केलंय.

फ्रीज आला तो बाहेर पत्र्याखाली उभा आहे. पहिला नंबर तिचा होता तो दुसऱ्याच दिवशी लाइट गेली तशी पुसला गेला. फाट्यावरच्या पोरांना आता मागे फिरता येतं, किल्लीही घेता येते. पण त्यांनी आपापसात ठरवलंय की तसला डाव धरायचा नाही. दाराशी पोचेपर्यंत डावीकडे हात न लावता जो जाईल तोच खरा, किल्लीपुरतीच मुभा. त्याला ते 'तांदळाचा डाव' म्हणतात. एक पोरगा तर खास त्यासाठी लोणावळ्याहून सायकल मारत येतो. पोरांपैकी अजून दाराशी कुणी पोचलेलं नाही. तो दाणा सासूबाईंनी देव्हाऱ्यात ठेवलाय.

परवा गर्दी नव्हती. मी हात पुसले, काचेच्या कडेवर माझं नाणं ठेवलं, आणि कुणी बघत नाही असं बघून तांदळाचा डाव लावला. पायऱ्यांवरच मेले, पहिल्याच धोंड्याखाली.

"दांडा खराब आहे," मी पुटपुटले.

कढईवरून नजर न काढता माझी जाऊ म्हणाली, "धोंडा तितंच पडतो, रेणे. तूच घाई केलीस."

बरोबर होतं तिचं. मी दुसरं नाणं काढलं.